गोदामाची लाइन

टेलिफोन ऑपरेटर काकू निवृत्त होऊन तीन महिने झाले, तरी रोज नऊला हजर असत. साहेब सांगून बसले होते, "ऑनलाइन ऑर्डरी सलग आठवडाभर नीट चालल्या की तुम्ही मोकळ्या. तोवर फोनवरच्या ऑर्डरी तुम्हीच घ्या." पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या त्या कंपनीत नीट काही चालत नव्हतं. लेकीकडे जायची बॅग मात्र काकूंच्या घरी भरून पडली होती.

ऑर्डरी घेऊन गोदामाच्या सर्व्हरला पोचवणारा गेटवे नावाचा प्रोग्राम कंपनीच्या इंजिनियरने बसवला होता. तो दर ऑर्डरीला नवं कनेक्शन जोडी, दोन शब्द बोले आणि तोडी. गर्दी झाली की त्याला धाप लागे.

"मी गोदामाचा फोन दर गिऱ्हाइकानंतर ठेवते का रे? लाइन धरून ठेवते," काकू म्हणाल्या.

इंजिनियरने गुपचूप कनेक्शनं उघडी ठेवली. गेटवे पळायला लागला. साहेबांनी शाबासकी इंजिनियरला दिली. ती नेहमी चुकीच्याच माणसाला मिळते.

जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिलीच ऑर्डर बुडाली. इंजिनियरने केबल बदलली, मेमरी वाढवली, शेवटी सर्व्हरच नवा आणला. नव्यावरही ऑर्डर बुडाली.

"बुडते कधी?" काकूंनी विचारलं.

"जरा शांतता गेली, की पुढची पहिली."

"मग पलीकडचा फोन ठेवून देत असणार. आमचा गोदामवाला मिनिटभर कुणी बोललं नाही की ठेवतो. तुझा गेटवे मेलेल्या लाइनवर बडबडतोय."

"मग तुम्ही काय करता?"

"कुणी बोललं नाही तर मी पन्नास सेकंदांतच ठेवते. त्याच्या आधी आपण. लागला तर नवा जोडायचा."

इंजिनियरने तपासलं. सर्व्हर साठ सेकंदांत तोडत होता, गेटवे पाच मिनिटं धरून बसत होता. त्याने पाच मिनिटांच्या जागी पन्नास सेकंद टाकले. आठवडाभर एकही ऑर्डर बुडाली नाही. इंजिनियरच्या दोन पदव्यांना जे दिसलं नाही, ते बत्तीस वर्षं फोनवर कान शेकवून घेतलेल्या बाईला बसल्या जागी दिसलं. आणि कंपनीच्या कागदावर ती 'इतर कर्मचारी'.

इंजिनियर निदान खोटा नव्हता. त्याने साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी लगेच केबिनमधून फोन लावला.

"काकू, कमाल केलीत. तुमच्यासारखं माणूस सोडणं म्हणजे... मी काय म्हणतो..."

साहेब शब्द शोधत थांबले. काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पन्नास सेकंद झाले तसा रिसीव्हर हळूच ठेवला आणि पर्स उचलली.

"...आणखी एखादं वर्ष राहाल का?" केबिनमध्ये साहेब विचारत होते. "हॅलो? काकू?"