चांगल्या हवेच्या मागावर सहा गाड्या

"पावणेसात म्हणजे पावणेसात, ताई. एक मिनिट इकडे नाही की एक मिनिट तिकडे नाही," घड्याळजीने आदल्या संध्याकाळी बहिणीला ठणकावून सांगितलं. सांगणारा माणूस तसा अधिकारीच होता. तीस वर्षं तो बाजारातल्या चिंचोळ्या दुकानात डोळ्याला भिंग लावून लोकांच्या वेळा दुरुस्त करत बसला होता. त्याचीच वेळ चुकली, तर लोकांनी बघायचं कोणाकडे?

ताईने मागितलं होतं ते काही फार नव्हतं. भावोजींना जाऊन दुसऱ्या दिवशी वर्ष होत होतं. ते होते तेव्हा सात जणांची टोळी रोज पावणेसातला ताईच्या फाटकावरून पळत जायची. पुढे भावोजी, मागे बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी धापा टाकणारा घड्याळजी. ताई फाटकाशी उभी असायची. गेली चार वर्षं तिला सगळं धूसर दिसत होतं, पण कान तीक्ष्ण होते. "एकदा सगळे घरावरून पळत जा," ती म्हणाली होती. "मला ऐकायचंय." का, ते तिने सांगितलं नाही आणि घड्याळजीने विचारलं नाही. बहिणीच्या मनातलं आपल्याला न विचारता कळतं, असा त्याचा फार जुना गैरसमज होता.

मधल्या वर्षात टोळीची रीत पार बदलली होती. भावोजी फुप्फुसाच्या दुखण्याने गेले. डॉक्टरांनी दहा कारणं सांगितली, त्यांत एक हवेचंही होतं. घड्याळजीने नेमकं तेवढंच उचललं. ताईच्या घरावरचा रस्ता बस आगाराला लागून जातो, आणि अकरा वर्षं आपण त्या माणसाला त्याच धुरातून पळू दिलं, हे त्याच्या घशाखाली उतरेना. त्याच आठवड्यात त्याने हवा मोजायचं एक यंत्र आणलं, साबणाच्या डबीएवढं. आकडा पन्नासच्या आत असेल तरच पळायचं, असा कायदा केला. रोज पहाटे टोळीला निरोप जायचा: आज तळं, आज टेकडी, आज विद्यापीठामागचा रस्ता. आगाराचा रस्ता कायमचा बंद.

पूर्वी सगळे घरून पायी यायचे. आता शहराच्या कुठल्या टोकाला जायचं ते पहाटे कळायचं, म्हणून जो तो गाडी घेऊन यायला लागला. चार किलोमीटर पळायला चौदा किलोमीटर गाडी! कोणी कुरकुर केली की घड्याळजी म्हणायचा, "मग जाऊन भावोजींना विचार." 

ताईसाठी बंद रस्ता एका दिवसापुरता उघडायचं ठरलं होतं, म्हणून भावोजींच्या वर्षाच्या दिवशी हवा जोखायला पहाटे साडेपाचलाच टोळी गाड्या घेऊन आगाराच्या कोपऱ्यावर जमली. कडाक्याची थंडी होती आणि धुकं असं की स्वतःच्या बुटांची नाडी दिसू नये. बेकरीवाला होता, दातांची डॉक्टरीण होती, शिवणकाम करणाऱ्या मावशी होत्या, आणि जुळे कारकून होते, जे चाळीस वर्षांच्या भांडणामुळे एका गाडीत बसत नसत. घड्याळजीने यंत्र बाहेर काढलं. आकडा आला एकशे चाळीस.

"पळूया की," बेकरीवाला म्हणाला. "ताईंचं घर दोन वळणांवर तर आहे."

"एकशे चाळीसमध्ये? तिच्या दारात आणखी एक आडवा पाडायचाय का?"

बेकरीवाल्याने टोपी कानांवर ओढली.

घड्याळजीने बेत फिरवला. तळ्यावर जायचं आणि तिथून पळत यायचं. तळं ते ताईचं घर पाऊण तास. तोवर आगारातल्या पहिल्या बस निघून जातील, हवा निवळेल, आणि बरोब्बर पावणेसातला फाटकासमोर. बेतात काही खोट नव्हती.

तळ्यावर तो सगळ्यांच्या आधी पोचला. आकडा अठ्ठेचाळीस. हरखून त्याने हात वर केला. मागून बाकीच्या पाच गाड्या आल्या, त्याच्याशेजारी ओळीने उभ्या राहिल्या, आणि थंडी म्हणून कोणी इंजिन बंद केलं नाही. नाड्या बांधून होईपर्यंत आकडा ब्याण्णववर गेला.

"इथली हवा फिरली," घड्याळजी म्हणाला. "चला टेकडीवर. तिथूनही घर तेवढंच लांब."

टेकडीवर आकडा एक्केचाळीस होता. गाड्या आल्या, आकडा पंच्याऐंशी. विद्यापीठामागे त्रेचाळीस, आणि मावशी गाडीतून उतरेपर्यंत एकशे दोन. चांगली हवा जणू टोळीला बघून पळ काढत होती. घड्याळजी मनगटाकडे बघायचं टाळू लागला, कारण त्याचं घड्याळ कधी चुकत नसे. त्या घड्याळात सात वाजून गेले होते.

"ताई उभी असेल," तो एकदाचा म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "सरळ घरी चला."

आता बघा, धुक्यात सहा गाड्या एकामागे एक, दिवे लावून, बैलगाडीच्या वेगाने चालल्या आहेत. पुढच्या गाडीत एक माणूस रडवेल्या चेहऱ्याने बसला आहे. चौकातल्या वाहतूक पोलिसाने काय समजावं? त्याने चारी बाजूंची वाहतूक थांबवली. ट्रकवाल्याने टोपी काढली. पोलिसाने मोटारसायकल काढून पुढे घातली, आणि मोठ्या अदबीने सगळी वरात स्मशानाच्या रस्त्याला वळवली!

घड्याळजीने दोनदा हॉर्न वाजवला. पोलिसाने मागे वळून, धीर धरा, अशी खूण केली. एवढ्या अदबीने चाललेल्या माणसाला ओलांडून जायचं कसं? अर्ध्या तासाने, स्मशानाच्या अलीकडच्या वळणावर पोलीस थांबला आणि खिडकीशी आला.

"कोण गेलं?" त्याने हळू आवाजात विचारलं.

कोणी नाही, असं घड्याळजीला म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते, "माझे भावोजी."

"अरेरे. कधी?"

"आज वर्ष झालं."

पोलिसाने सहाही गाड्यांवरून नजर फिरवली. "आणि आत्ता आणताय?"

मागून उतरून आलेला एक कारकून फिस्सकन हसला. घड्याळजीलाही हसू आलं, आणि हसता हसता ते कुठल्या कुठे गेलं. गाडीतून उतरून तो रस्त्याच्या कडेला बसला आणि ओक्साबोक्शी रडला. वर्षभरात तो एकदाही रडला नव्हता, आकडेच वाचत बसला होता. पोलीस बिचारा हातात रुमाल घेऊन शेजारी उकिडवा बसला.

डॉक्टरीणबाईंनी गाडीतलं यंत्र उचललं. मग त्या एकेका गाडीपाशी गेल्या आणि इंजिन बंद करायला लावलं. दहा मिनिटांनी त्यांनी ते त्याच्यापुढे धरलं. एकशे अठराचे सत्तेचाळीस झाले होते.

"घड्याळजी," त्या म्हणाल्या, "सकाळपासून आपण आपलाच धूर मोजतोय."

ताईच्या कोपऱ्यावर पोचायला सव्वानऊ वाजले. फाटकाशी ती उभी होती, खांद्यावरची शाल गळून कोपरावर आलेली.  यंत्र गाडीतच राहिलं. तीन तास गाडीत आखडलेल्या गुडघ्यांनी सहाही जण तिच्यासमोरून पळत गेले.

"थांबा," ताई म्हणाली. "कोणाची गाडी घरघरतेय? मला मोजता येईना."

गाडी घड्याळजीचीच होती. तो मुकाट्याने जाऊन ती बंद करून आला. टोळी पुन्हा कोपऱ्यावर गेली आणि पुन्हा आली. ताई मान तिरकी करून ऐकत होती.

"सहा," ती म्हणाली.

"हो, ताई. सहाच." घड्याळजी तिच्यासमोर उभा राहिला. "वेळ चुकली माझी. हवा वाईट होती. मला भीती वाटली."

"तुझी वेळ वर्षभर चुकलीय," ताई म्हणाली. रागावून नाही, थकून. "सगळ्यांची पावलं एकाच दिवशी बंद केलीत तुम्ही. सगळेच येईनासे झाले, तर त्यातला एकच गेलाय हे कानांना कसं कळायचं? मी रोज इथे उभी राहते. वाटतं, टोळीने रस्ता बदललाय, येतील सगळे मिळून. वर्षभर तसंच वाटत होतं रे मला."

 मावशींनी पदर डोळ्यांना लावला.

"आज मोजले," ताई म्हणाली. "सहा आहेत. आता कळलं." तिने फाटकाचा गज घट्ट धरला आणि तिचे खांदे हलू लागले. घड्याळजीने तिची शाल उचलून नीट पांघरली. 

मग तिने डोळे पुसले. "उद्या येणार आहात?"

"पायी येऊ. पावणेसातला," घड्याळजी म्हणाला. "पावणेसात म्हणजे..."

"या," ताई आत वळत म्हणाली. "पण तू पाय घासत पळतोस, ते जरा उचलून पळ. मी झोपलेली असेन."