सहा महिन्यांत दोन वर्षं

केमिस्टच्या मेहुण्याने घरी बनवलेल्या कडक, काळ्या बिअरच्या सहा बाटल्या टेबलावर मांडल्या आणि वर उपदेश केला. आत्ता प्यायलात तर नुसती जिभेला आग. दोन वर्षं थांबलात तर चवीला मनुका, खजूर आणि काय काय लागेल म्हणे.

केमिस्टला हे पटेना. औषधाच्या दुकानात चाळीस वर्षं काढलेला माणूस तो. तारीख उलटली की माल फेकायचा, एवढंच त्याला ठाऊक. जुनी होऊन सुधारलेली वस्तू त्याने पाहिलीच नव्हती. बायकोनेही त्याच्याकडे एकवार नीट पाहून, आपणही पाहिली नाही, असं सांगितलं.

पण खरंच सुधारत असेल तर? हा किडा डोक्यातून जाईना. त्यात डॉक्टरांनी बजावलेलं, साठी झाली की एक थेंबही घ्यायचा नाही. साठीला उरले होते सहा महिने. आत्ता प्यावी तर कच्ची, थांबावं तर बंदी. इकडे आड, तिकडे विहीर.

तिसऱ्या दिवशी तो जेवता जेवता थबकला. नवं औषध दोन वर्षं टिकेल का हे बघायला कंपन्या कुठे दोन वर्षं थांबतात? चाळीस अंशांवर सहा महिने ठेवतात आणि निकाल लावतात.

"म्हणजे बिअर शेकत ठेवणार?" बायकोने विचारलं.

"शेकत नाही गं. तिचं वय वाढवतोय."

गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटातून टॉवेलांची हकालपट्टी झाली. आत बाटल्या गेल्या, थर्मामीटर टांगला गेला. रोज सकाळी दाढीआधी तो तापमान टिपू लागला. स्वतःचं ब्लडप्रेशर त्याने इतक्या निष्ठेने कधी टिपलं नव्हतं.

अकराव्या दिवशी त्याने मेहुण्याला फोनवर मोठ्या अभिमानाने हे सांगितलं. मेहुणा तिकडून ओरडलाच.

"भावजी, गोळीत यीस्ट नसतं. माझ्या बाटलीत ते जिवंत आहे. त्याला ऊब मिळाली की गॅस..."

पुढचं कपाटाने धडाम् करून सांगितलं. मग थोड्या थोड्या वेळाने पुन्हा दोनदा सांगितलं. टाकीची वायर भिजली, गरम पाणी बंद पडलं. बोलावलेल्या प्लंबरने दाराला कान लावला, तोच चौथा धमाका झाला. आतलं सगळं संपलं की कळवा, म्हणून तो निघूनच गेला. पाचव्या धमाक्याला केमिस्ट उशी छातीशी धरून जिन्यात बसला होता.

संध्याकाळी काचा भरताना त्याला फार वाईट वाटलं. बाटल्या गेल्याचं एवढं नाही. आता कधीच कळणार नाही, याचं. मग त्याच्या लक्षात आलं, बाटल्यांची बुडं पाचच होती.

"सहावी मी पहिल्याच दिवशी काढली," बायको म्हणाली. "तुम्ही तापमान टिपत होतात, बाटल्या कुठे मोजत होतात? ती गारव्यात ठेवलीय. कुठल्याही चाचणीत एक नमुना बाजूला ठेवतात, हे तुमच्याच तोंडून ऐकलंय."

"मग आण की! अजून साडेपाच महिने आहेत माझ्याकडे."

"आणते. पण कच्चीच लागेल. नाहीतर दोन वर्षांनी मी पिईन. बंदी तुम्हाला आहे, मला नाही."

केमिस्टने उरलेल्या काचा भरून टाकल्या. आत्ता प्यायला त्याला कोणीच अडवलं नसतं.

"राहू दे," तो अखेर म्हणाला. "पण प्यायलीस की मला सांग. घाईघाईत नको, सावकाश सांग. काय काय लागलं, ते सगळं."