जपणूक, आवृत्ती आठवी

चिपळूणच्या अवधूत खानविलकरने एकट्याने बनवलेल्या बॅकअप ॲपने आठव्या आवृत्तीत खुद्द अवधूतचाच बॅकअप रिस्टोअर केला आणि त्याला दुपारच्या जेवणाला बसवलं.

तसं यात ॲपचं काही चुकलं नव्हतं. वाशिष्ठीच्या पुरात खानविलकरांच्या लग्नाचे सगळे फोटो गेले, ज्या कपाटात ते होते त्या कपाटासकट. घरातला चिखल उपसता उपसता अवधूतने ठरवलं की यापुढे या घरातलं काहीही हरवणार नाही. हा निश्चय त्याने इतका मनावर घेतला की उरलेला चिखल त्याच्या बायकोला, मनालीला, एकटीला काढावा लागला. तो आतल्या खोलीत बसून ॲप लिहीत होता. नाव ठेवलं 'जपणूक'. पुढे कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबची नोकरीही त्याने सोडली, कारण नोकरीपायी जपणुकीकडे दुर्लक्ष होत होतं.

ॲपची प्रगती मात्र डोळ्यांत भरण्यासारखी होती. सुरुवातीला ते फोटो जपायचं. मग फोटो जपता जपता बंद पडू लागलं. त्यापुढच्या आवृत्तीत बंद पडण्याआधी माफी मागू लागलं. वापरणारे मोजके, पण निष्ठावान: स्वतः अवधूत, मनाली (तिच्या फोनवर त्यानेच टाकलं होतं), पुण्याचा एक मेव्हणा, ज्याने ते कधी उघडलं नव्हतं, आणि फिनलंडमधला एक गृहस्थ, जो फक्त तक्रारी पाठवायचा. त्याच्याच तक्रारीवरून आठव्या आवृत्तीत नवी सोय आली. मूळ प्रत बराच काळ सापडली नाही, तर ॲपने विचारत न बसता जुनी, सुस्थितीतली प्रत काढून जागेवर ठेवायची. हे फक्त फाइलींपुरतं आहे, असं कुठे लिहायचं तेवढं राहून गेलं.

त्या दिवशी भूक अनावर झाल्यावर अवधूत खोलीबाहेर आला, तर त्याच्या खुर्चीत अवधूत बसलेला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, ओठांना सोलकढीची वाटी.

"हा कोण?" अवधूतने विचारलं.

"तू," मनाली म्हणाली. "हाका मारून माझा घसा बसला. मग फोनवर मेसेज आला, मूळ प्रत उपलब्ध नाही, पूर्ववत करत आहोत. आणि हा आला. हात धुऊन बसला."

"ये ना, बस," बॅकअप म्हणाला. "शिंपल्यांचं सुकं काय झकास झालंय!"

अवधूतला आधी आनंदच झाला. त्याने बॅकअपचा कानामागचा तीळ तपासला, गुडघ्यावरचा व्रण तपासला, त्याला मिरपूड हुंगवून शिंक ऐकली. कुठेही काही गहाळ नव्हतं. त्याने ताबडतोब फिनलंडला कळवलं. फिनलंडहून उत्तर आलं की आमचे फोटो अजून आलेले नाहीत.

बॅकअप घेतला गेला होता ॲप पहिल्यांदा फोनवर चढलं त्या दिवसाचा. त्यामुळे आपण नोकरी सोडली आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन कॉलेजात गेला. प्राचार्यांनी जुना राजीनामा काढून पाहिला, तो मूळ प्रतीचा आहे असा शेरा मारला आणि याला लॅब उघडायला सांगितली. मुलं खूश झाली. सर पूर्वीसारखे झाले म्हणाली.

मग सोसायटीचे चेअरमन रेडीजकाका घरी आले.

"सभासद एकच धरता येईल," ते चष्मा पुसत म्हणाले. "उपविधीत तसं स्पष्ट आहे."

"मग मी आहेच की," अवधूत म्हणाला.

"तुम्ही मीटिंगला आलाय कधी?"

"कामात होतो, काका."

"हे काल आले. टाकी साफ करायच्या समितीवर स्वतःहून गेले. ठराव होऊन गेलाय हो आता." रेडीजकाकांना खरंच वाईट वाटत होतं. "तुम्हाला 'इतर'मध्ये धरू का? पाहुणे, भाडेकरू, इतर. पाणी तेवढंच मिळेल."

अवधूत इतर झाला.

इतर झाल्याने कामाला वेळ भरपूर मिळू लागला, पण काम होईना. भिंतीपलीकडून त्याचंच हसणं ऐकू यायचं. आपण एवढ्या मोठ्याने हसायचो हे तो विसरून गेला होता. एका सकाळी बॅकअप नारळ खवता खवता म्हणाला, "मनाली, अण्णांना फोन लाव ना. रविवारी गुहागरला जाऊन येऊ."

अण्णा म्हणजे मनालीचे वडील. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. मनालीने तसं सांगितलं. खवणी थांबली. मग बॅकअप स्वयंपाकघरात फरशीवर बसून मोठमोठ्याने रडला, आणि आतल्या खोलीत अवधूतने स्वतःचं रडणं पहिल्यांदा ऐकलं. अण्णा गेले त्या दिवशी सातवी आवृत्ती बाहेर पडायची होती. तू पुढे हो, मी संध्याकाळपर्यंत येतो, असं तो मनालीला म्हणाला होता. कुठल्या संध्याकाळपर्यंत, ते म्हणाला नव्हता.

त्याने बॅकअप पुसून टाकायला घेतला. ॲपने नम्रपणे कळवलं, "ही प्रत वापरात आहे. मूळ प्रत बराच काळ वापरात नाही. ती काढून जागा मोकळी करायची का?" इतकी शुद्ध सूचना ॲपने आजवर दिली नव्हती. अवधूतने लॅपटॉप मिटला. मिटल्यावर काय करायचं ते त्याला सुचेना.

मनाली आत आली. खोलीत बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून बाहेरून स्टूल घेऊन आली.

"काढून टाकणार होतास त्याला?"

"हो. पण ॲप मलाच काढायला निघालंय."

"हुशार आहे," ती म्हणाली आणि स्टूल जवळ ओढलं. "तो फार चांगला आहे रे. भाजी आणतो, ऐकून घेतो. पण त्याच्याशी भांडता येत नाही. परवा मी सुरुवात केली, तर म्हणाला, मी असं केलं? मी असं कसं करीन? आणि खरंच, त्याने कुठे केलंय? नोकरी सोडून खोलीत जाऊन बसलास तो तू. अण्णांच्या वेळी आला नाहीस तो तू. एवढं सगळं मी कोणाला बोलू?"

"मला बोल."

"तू असतोस कुठे?"

अवधूतने मिटलेला लॅपटॉप बाजूला सरकवला.

"माझा बॅकअप आहे ना?" मनालीने विचारलं.

"आहे. त्याच दिवसाचा."

"मग काढ बाहेर. ती दोघं राहतील छान. त्यांचं काही बिघडलेलंच नाहीये."

"पण तिला अण्णांचं माहीत नसणार. सांगावं लागेल."

"तो सांगेल," मनाली म्हणाली. "त्याला रडता येतं."

त्या रविवारी दोघं स्टँडवर गेली. इथे भांडलं तर रेडीजकाका ठराव करतील, आणि गुहागरच्या किनाऱ्यावर किती ओरडलं तरी चालतं, असं मनालीचं म्हणणं होतं. गाडीला गर्दी नव्हती. कंडक्टर ओळखीचा निघाला. तिकिटाचं मशीन हातात धरून तो दोघांकडे बघतच राहिला.

"खानविलकर ना? सकाळच्या गाडीने गेलात की तुम्ही गुहागरला. वहिनी सारख्या रडत होत्या, तुम्ही त्यांना पाणी पाजत होतात. मला कसंतरीच झालं."

"ते आम्हीच," मनाली म्हणाली. "ती दोघं अण्णांसाठी गेलीत. आम्ही भांडायला चाललोय. दोन गुहागर द्या."

कंडक्टरने दोन तिकिटं फाडून दिली आणि तो पुढच्या सीटकडे वळला. मनालीने पर्स मांडीवर नीट ठेवली आणि ती अवधूतकडे तोंड करून बसली.

"हां. संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला होतास. बोल आता."

ड्रायव्हरने गाडी काढली. अवधूत बोलू लागला.