साडेसात नंबर

"उद्या सकाळी नऊच्या आत चेंडू तळ्यापलीकडे, थेट झेंड्याशेजारी! लिहून ठेवा!"

मोजणीदारांनी शनिवारी जेवताना हे जाहीर केलं, आणि जाहीर करताना चमचा असा काही फिरवला की त्यातलं सूप थेट भिंतीवरच्या घड्याळावर जाऊन बसलं.

लिहून ठेवायला समोर एकटी बायकोच होती. मोजणीदारीणबाई मुळातच मवाळ. बोलायच्या तेही असं, की शेजारच्या खुर्चीवरच्या मांजराची झोप मोडू नये. त्यांनी उठून घड्याळ पुसलं आणि हळूच विचारलं, "आणि नाही गेला तर?"

"नाही गेला तर मागची खोली तुझी! जाळी काढतो. कायमची! पण गेला, तर खोली माझी आणि पुन्हा तो विषय नाही."

बाईंचा हात घड्याळावरच थांबला.

मागची खोली! पूर्वेच्या खिडकीची, वेलीची. सकाळी सहाला तिथे असा उजेड यायचा, जणू कुणी बाहेर उभं राहून ओंजळीओंजळीने आत ओततंय. अठरा वर्षांपासून बाईंचा नियम होता. पहाटे उठल्यापासून दहा वाजेपर्यंत मौन. अगदी कडक. फार तर मानेने 'हो' किंवा 'नाही'. कुणी म्हणालं, मग चिठ्ठी लिहा ना! तर त्यांच्या मते ते दार लावून खिडकीतून गप्पा मारण्यासारखं होतं. सोळा वर्षं त्या उजेडात बसून त्यांनी मौन पाळलं. मग मोजणीदार निवृत्त झाले, गोल्फ खेळू लागले, आणि सरावासाठी त्या खोलीत त्यांनी भलीमोठी जाळी टांगली. बाईंचं आसन कपडे धुण्याच्या मशीनशेजारी गेलं. तेव्हापासून डोळे मिटून देवाचं रूप कसंबसं समोर यायला लागलं, की मशीन पिळायला घेई आणि देवही गरगर फिरू लागे!

छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस स्वतःचे चेंडू मोजल्याशिवाय कसा राहील? गोल्फच्या काठीला खरं तर क्लब म्हणतात, पण या घरात काठीच. मोजणीदार सरावाच्या मैदानावर एकेका काठीने तीस-तीस चेंडू मारत, खुंटीवर टांगलेली आपली जुनी पिवळी टेप टाकत, आणि वहीत नोंद करत. आठ नंबरची काठी: शंभर मीटर. सात नंबरची: एकशेदहा.

सगळं ठीक चाललं होतं. अडलं फक्त तळ्यापाशी. तळ्याच्या अलीकडून चेंडू मारायचा, पलीकडे काठापासून पाच-सहा पावलांवर झेंडा. बोर्डावर लिहिलं होतं: १०१. मोजणीदार म्हणायचे, आठ नंबर! आणि चेंडू पलीकडच्या काठापासून हातभर अलीकडे पडायचा. डुब! दोन वर्षांत बेचाळीस वेळा डुब! तळ्यातल्या बदकांनासुद्धा त्यांचा चेहरा ओळखीचा झाला होता.

शेवटी पंधरवड्यापूर्वी त्यांनी पिवळी टेप उचलली, तळ्यावरच्या लाकडी पुलावरून अंतर मोजलं, आणि धावत घरी आले. साठी उलटलेला माणूस, पायऱ्या दोन-दोन चढत!

"एकशेपाच! अगं, एकशेपाच! मी चुकत नव्हतो, बोर्ड चुकत होता!"

दुसऱ्या दिवशी ते दाढी करताना शीळ घालत होते. बाईंना ती शीळ फार आवडली. नोकरी सुटल्यापासून ऐकू आली नव्हती.

पण एकशेपाच हे अंतर मोठं वाईट! धड आठचं नाही, धड सातचं नाही. आठ घ्यावी तर जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की चेंडू बदकांच्या घरी. सात घ्यावी तर हात राखावा लागतो, आणि पाहुण्याला 'बसा' म्हणावं की 'या आता' म्हणावं हे न कळलेल्या यजमानासारखी काठी हवेतच अडखळते.

"प्रत्येक खेळाडूचं असं एक अंतर असतं," मोजणीदार छताकडे बघत म्हणाले. "स्वप्नात येतं ते."

मग त्यांनी तोडगा काढला. साडेसात नंबर! एक जुनी, जादा आठ नंबर घेऊन ते वेल्डरकडे गेले.

"हिची मान दोन अंशांनी वाकव."

"साहेब, मी गेट बनवतो."

"मग गेट समज!"

"बरं. कडी कुठे बसवू?"

तीन दिवस जेवणाच्या टेबलावर कोन मोजायची दुर्बीण तिवईसकट उभी होती. टेबल हललं की कोन हले, म्हणून नवराबायको ओट्याशी उभं राहून जेवत. चौथ्या दिवशी साडेसात नंबर जन्माला आली. मैदानावर तीस चेंडू, पिवळी टेप, वही. बरोबर एकशेपाच! ना एक वीत जास्त, ना एक वीत कमी.

"भावोजी," शनिवारी फोनवर बाईंचा धाकटा भाऊ म्हणाला, "साडेसाती ऐकली होती. साडेसात नंबर पहिल्यांदाच ऐकतोय!"

"उद्या साक्षीदार म्हणून या, मेहुणेबुवा. मग हसू."

रविवारी सकाळी पावणेनऊला तिघं तळ्याशी पोचले. बाई पहिल्यांदाच तिथे आल्या होत्या, आणि आल्या आल्या हरवूनच गेल्या. पाण्यावर धुकं इतकं पातळ होतं की फुंकर मारली असती तर सरकलं असतं. बदकं झोपेत चालल्यासारखी पोहत होती. पलीकडचा झेंडा हलत नव्हता आणि पाण्यातला झेंडा मात्र हलत होता. बाईंच्या मनात आलं, मशीनशेजारी बसून आपण ज्याला शोधतो तो इथेच तर फिरायला येत नसेल ना? खोली मिळो न मिळो, हे पाणी तरी पाहायला मिळालं!

"हे बघ," मोजणीदारांनी पिशवीतून टेप काढली. "छत्तीस वर्षं साथ दिलीय हिने. अशी ही पितळी कडी धरायची, आणि..."

बाईंनी कडीकडे पाहिलं आणि धुकंबिकं सगळं उडालं.

कडी टेपला शिवलेली होती. लाल दोऱ्याने. बारीक, सुबक, दुहेरी टाका. टाका बाईंचा होता!

दोन वर्षांपूर्वी वादळात मागच्या खिडकीवरची वेल निसटली होती. बांधायला काहीतरी मऊ पण मजबूत हवं होतं. खुंटीवर टेप दिसली. नवरा आठवड्यापूर्वीच निवृत्त झालेला. आता काय मोजायचंय यांना! बाईंनी सुरुवातीचा एक मीटर कापला, वेल बांधली, आणि अर्धवट काम खपत नसल्यामुळे कडी पुन्हा जागेवर शिवून टाकली. मोजणीदारांनी हातात धरली ती कायम कडी, वाचला तो कायम पुढचा आकडा. कडीपाशी शून्याच्या जागी एक आहे, हे त्यांनी कशाला बघावं?

म्हणजे टेप दर खेपेला एक मीटर जास्त सांगत होती! म्हणजे तळं एकशेपाच नव्हतंच! म्हणजे आता साडेसातने मारलं तर चेंडू झेंड्याला ओलांडून मागच्या झाडीत, आणि खोली आपल्याला. आपल्याच कात्रीने कापून मिळवलेली खोली! त्या खोलीत डोळे मिटून कुणाला तोंड दाखवणार?

दहा वाजायला सव्वा तास होता.

बाईंनी पिशवीतून आठ नंबर काढली आणि नवऱ्यापुढे धरली.

"हे काय?"

बाईंनी काठी आणखी पुढे केली.

"मेहुणेबुवा, बघितलंत का? बघितलंत?" मोजणीदारांचा आवाज चिरकला. "खोली हवीय म्हणून मला आठ नंबर देतेय! तळ्यात घालतेय मला!"

बाईंनी जोरजोराने मान हलवली. नाही, नाही!

"ताई, तू?" भाऊ डोळे मोठे करून म्हणाला. "मांजराला हाड म्हणताना माफी मागणारी तू?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अठरा वर्षांचं मौन जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं, खाली डोकावलं, आणि परत फिरलं. नाही. नियम म्हणजे नियम. मग त्यांनी एकच गोष्ट केली. मोजणीदारांच्या हातातून साडेसात नंबर अलगद काढून घेतली, आणि चेंडूपासून वीतभर अंतरावर मांडी घालून बसल्या. दोन्ही काठ्या मांडीवर. डोळे मिटलेले.

"अगं ऊठ! लोक येतील!"

लोक आलेच. आधी दातांचे डॉक्टर आणि त्यांच्याबरोबरचे तिघं. मग बँकेचे निवृत्त मॅनेजर. मग आणखी सहा जण. इतक्या जवळ डोळे मिटून बसलेल्या बाईसमोर चेंडू मारायची कुणाची हिंमत होईना.

"काही आंदोलन आहे का?" डॉक्टरांनी कुजबुजत विचारलं.

"मौन आहे. दहापर्यंत," भाऊ म्हणाला. "आणि वाद सात की आठ असा आहे."

"अहो, मग त्यांचं बरोबर आहे!" डॉक्टर खाली बसले. "माझं एकशेतीस. त्या अंतरावर आलो की मला घाम फुटतो. दाढ काढताना फुटत नाही, तिथे फुटतो!"

"माझं साठ," मॅनेजर गवतावर टेकत म्हणाले. "कुठलीच काठी माझी वाटत नाही. एकदा तर पायानेच ढकलला चेंडू. तीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं."

असं एकेक जण बसत गेला आणि आपलं अवघड अंतर सांगत गेला. हळूहळू बोलणंही विरलं. चौदा माणसं गवतावर ओळीने बसून पाण्याकडे बघू लागली. एक बदक काठावर आलं, त्याने चौदा जणांना नीट मोजल्यासारखं पाहिलं, आणि मान पंखात खुपसून झोपलं. कुणाला घाई उरली नव्हती. मोजणीदारसुद्धा बसले. बायको अशी रोज बसते, त्यांच्या मनात आलं, आणि आपण कधी शेजारी बसलोच नाही.

लांबच्या इमारतीतल्या घड्याळाने दहा ठोके दिले.

बाईंनी डोळे उघडले. "अहो, टेपचा पहिला मीटर मी कापलाय. वेलीसाठी."

"काय म्हणाल्या?" मागून मॅनेजरांनी विचारलं.

"टेप कापलीय म्हणाल्या!" "कुणी?" "वेलीने!" ओळीतून बातमी शेवटपर्यंत गेली.

मोजणीदारांनी टेप हातात घेतली. लाल टाक्यावरून बोट फिरवलं. ओठांतल्या ओठांत हिशेब केला. "तीस मीटरची टेप. तळ्यावर चार खेपा. चार मीटर जास्त. म्हणजे एकशे एक." मग टेप गुंडाळत म्हणाले, "म्हणजे बोर्ड खरा होता."

शीळ गेली, बाईंना वाटलं.

"म्हणजे सरळ आठ नंबर, भावोजी!" भाऊ ओरडला.

"सरळ आठ नंबर!" ओळ म्हणाली.

मोजणीदारांनी बायकोला हात देऊन उठवलं. "आणि मी तुला काय काय बोललो! तू मला वाचवत होतीस, तेही खोली सोडून." त्यांनी तिच्या हातातून आठ नंबर घेतली. जोर लावायचा नव्हता, हात राखायचा नव्हता. आयुष्यात इतक्या मोकळ्या मनाने त्यांनी काठी कधी फिरवली नव्हती.

चेंडू वर गेला. शांतपणे, कुणाची तरी आठवण काढत गेल्यासारखा. चौदा माना वर झाल्या. चेंडू उन्हात क्षणभर थांबला, आणि तरंगत खाली आला.

डुब!

काठापासून हातभर अलीकडे.

"त्रेचाळीस," मोजणीदार म्हणाले.

पण शब्दाचा माणूस! संध्याकाळपर्यंत जाळी उतरली, खोली पुसून झाली, आणि आसन आपल्या जागी आलं.

सोमवारी सकाळी बाई बसल्या. दोन वर्षांनी तोच उजेड, ओंजळीओंजळीने. देव आले आणि चक्क स्थिर उभे राहिले! दहाला पाच मिनिटं असताना बाईंनी कृतार्थ डोळे उघडले, तर समोर खिडकीत वेल. वेलीला बांधलेला पिवळा एक मीटर वाऱ्याने हलत होता.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. आणि मुंगी चढावी तसा एक विचार हळूहळू वर चढला.

आठ नंबर शंभर मीटर जाते, हे मोजलं होतं कोणत्या टेपने?

ह्याच कापलेल्या टेपने. तिथेही चार खेपा, चार मीटर. म्हणजे ती शंभर जातच नव्हती. शहाण्णव जात होती. त्रेचाळीस वेळा हातभर कमी! आणि साडेसातचे एकशेपाच? तेही ह्याच टेपचे. तळ्याचे एकशेपाच? तेही ह्याच टेपचे. दोन्हींकडे चूक सारखीच. साडेसातने मारला असता, तर चेंडू झेंड्याशेजारी जाऊन बसला असता!

बाईंनी खरं बोलून नवऱ्याला तळ्यात घातलं होतं.

दारात मोजणीदार उभे होते. हातात साडेसात नंबर. "काल तू खरं बोललीस म्हणून बरं झालं," ते प्रेमाने म्हणाले. "नाहीतर मी हीच मारून बसलो असतो, आणि चेंडू पार झाडीत! वेल्डरकडे चाललोय. मान सरळ करून आणतो." घड्याळाने दहा ठोके दिले. "हं, सुटलं मौन. काही सांगायचंय?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. खोलीकडे पाहिलं. उजेड सरकत सरकत आसनाच्या कडेला टेकला होता.

त्यांनी मानेनेच 'नाही' म्हटलं आणि हळूच डोळे मिटले. अठरा वर्षांत पहिल्यांदाच मौन अर्ध्या तासाने वाढलं. वेल्डरचं दुकान दहा मिनिटांवर होतं.