कॉर्बीची मेंढरं घरी निघाली

"दिस उगवे, मेंढी उतरे,
सांज चढे, तशी ती चढे,
कुठंही ने गं तिला पोरी,
पाय तिचे डोंगराकडे."

बेसी, माझी सासू, लोकर विंचरता विंचरता हे गुणगुणायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली, पण तो आवाज अजून चुलीमागच्या कोपऱ्यातून येतो. मला वाटायचं, बाळं निजवायचं गाणं असेल. गाणं कसलं! चांगली धडधडीत सूचना होती ती!

पण मला सूचना कशाला हव्या होत्या? मी सखल मुलखातली. आमच्याकडे मेंढी कुंपणात राहते, वेळेवर खाते, गादीसारखी फुगते. मेंढ्यांतलं मला कुणी शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. हे मत मी अकरा वर्षं सासरच्या डोंगरावर घेऊन हिंडत होते.

सासरे, डँड ऑलिव्हर, कॉर्बी डोंगराचे मेंढपाळ. एका मेंढपाळाच्या हवाली असतो त्या कळपाला इकडे 'हिरसेल' म्हणतात. डँडबाबांचं हिरसेल म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेलं. पण बाबांच्या तोंडून कौतुकाचा शब्द म्हणजे खडकाला पाझर! सणाचं जेवण वाढलं तरी म्हणणार, "खाल्लं." आणि एवढ्या मोठ्या मेंढपाळाला खोड एकच. परसातलं फाटक रोज उघडं टाकायचं! मेंढपाळ आणि फाटक उघडं! म्हणजे सोनारानं तिजोरी उघडी टाकून झोपायला जावं! रोज ओरडून ओरडून माझा घसा बसला, फाटक काही बसलं नाही.

तर सप्टेंबरात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. महिनाअखेर जमीनमालकाला नव्या मेंढपाळाचं नाव कळवायचं होतं. वॉट, माझा नवरा, सुतार. मेंढा शिंकला तरी हा टेबलावर चढतो. उरले मी. मला ते हिरसेल हवं होतं हो! इतकं हवं होतं, की स्वप्नात मी मेंढ्या ओवाळायची. पण बाबा काही बोलायला तयार नाहीत. इस्पितळात जाताना एवढंच म्हणाले, "कॉर्बीवरच्या मेंढ्या हलवू नकोस. हेफ्ट झालेल्या आहेत त्या."

हेफ्ट म्हणजे काय, मला माहीत होतं. आईनं जिथं चरायला शिकवलं, त्या उताराला मेंढी जन्मभर धरून राहते. कुंपण लागत नाही. मालक बदलला तरी कळप डोंगरासकट विकला जातो. पण मी म्हटलं, मेंढीलाही हिरवं गवत कळतं की! पंधरा दिवस नदीकाठच्या कुरणात चारू, गुबगुबीत करू, बाबा घरी आले की म्हणतील... निदान "पाहिलं" तरी म्हणतील!

गुरुवारी सकाळी मी आणि मॉस कुत्रा निघालो. चाळीस मेंढ्या गिरणीमागच्या वाटेनं अशा सुरेख उतरल्या, की मी स्वतःलाच शाबासकी दिली. सकाळी त्या तशाही उतरतातच, हे डोक्यातच आलं नाही! कुरणात सोडल्या, फाटक नीट लावलं, घरी येऊन चहा टाकला.

दुपार कलली. कुरणात गेले, तर कुरण मोकळं! दगडी बांधावर लोकरीचे चाळीस झुपके. आणि वर, गावाच्या रस्त्यावर, एकामागं एक पांढरी रांग. शाळेतली पोरंसुद्धा इतकी शिस्तीत जात नाहीत!

"मॉस! अडव त्यांना!"

मॉसनं मेंढ्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि खाली बसला. कुत्र्याला कळलं होतं. मी पळत सुटले. जवळची वाट म्हणून दलदलीतून गेले आणि काळ्या चिखलात कमरेपर्यंत रुतले!

इकडं मेंढ्या गावात पोचल्या. पाद्रीबाबांच्या बागेत चहापान चाललं होतं. रांग टेबलांमधून गेली. पुढची मोडक्या शिंगाची म्हातारी पाद्रीबाबांचा बक्षीसपात्र डेलिया खाता खाता चालली. टपालवाल्या बीनी लेडलॉनं पाठीवरची निळी खूण ओळखली. तिच्या हातातला कपच निसटला.

"अगं बाई, डँडची मेंढरं! मागं मेंढपाळ नाही!"

"सुटली असतील," पाद्रीबाबा म्हणाले.

"सुटली? चाळीस वर्षांत कॉर्बीची मेंढी गावात दिसली नाही! तो जिवंत असता तर दिसली असती? परवाच इस्पितळात नेला ना त्याला?"

"पण गुडघा होता फक्त."

"गुडघ्यातूनच गेला बिचारा!"

वाटेत पाद्रीबाबांची तुडवलेली बाग आणि कुरतडलेला डेलिया बघत मी घरी पोचले, तेव्हा अंगणात काळ्या टोप्यांची गर्दी. स्वयंपाकघरात शेजाऱ्यांनी आणलेले सात केक, मटण भरलेल्या तीन पाई. मी चिखलानं काळी, दमून रडकुंडीला आलेली.

"बाबांना काय तोंड दाखवू!" मी पायरीवर मटकन बसले. "सगळं माझ्यामुळं झालं!"

"असं म्हणू नये, एफी," बीनीनं मला छातीशी धरलं. "वय झालंच होतं ना."

मला वाटलं, ही म्हाताऱ्या मेंढीबद्दल बोलते आहे! "पण डेलियाच का खायचा?" मी हुंदका दिला. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहून मान हलवली. दुःखानं पोरीचं डोकं फिरलं.

मग पाद्रीबाबा उभे राहिले. एकेकजण बोलायला लागला, आणि माझ्या ध्यानात आलं, हे भलतंच चाललंय, हा तर बाबांचा दुखवटा! पण थांबवू कशी? बीनी रडत सांगत होती, "मोठ्या बर्फात माझा नवरा अडकला, तेव्हा डँड सात मैल चालत गेला. पाठीवर घेऊन आला. मी त्याला कधी धड धन्यवादसुद्धा दिले नाहीत गं!"

"चारच मैल होते," परसदारातून आवाज आला.

कुबडीवर डँडबाबा! ठरल्यापेक्षा बरेच दिवस आधी सोडलं म्हणून गुरांच्या डॉक्टरच्या गाडीतून आले होते. किती वेळ तिथं उभे होते, देव जाणे. बीनी एका केकवर बसली. पाद्रीबाबांनी घाईघाईनं पाईचा तुकडा तोंडात घातला. बाबांनी घर भरून माणसं पाहिली, टोप्या पाहिल्या, खाकरले.

"बसा. केक आहेत, तर खाऊन जा." मग बीनीकडं न बघता, "आणि धन्यवाद पोचले."

सगळे हसत, डोळे पुसत पांगले. मी कॉर्बीकडं बोट केलं. सांज चढली होती. चाळीस मेंढ्या आपापल्या जागी, जणू काही झालंच नाही. मी सगळं सांगून टाकलं, कुरणासकट, डेलियासकट.

"मालकाला दुसऱ्या कुणाचं नाव कळवा, बाबा."

त्यांनी दारामागं हात घातला. मग आपली काठी, बापाकडून आलेली, मेंढ्याच्या शिंगाच्या मुठीची, माझ्या चिखलाळलेल्या हातात दिली.

"तुझंच कळवलंय. सोमवारीच." मग म्हणाले, "तू आलीस त्या दिवशी मी बेसीला म्हटलं होतं, सखल रानातली आहे. फाटक उघडं दिसलं की माहेरी जाईल. जातेस का बघायला उघडं टाकायचो."

"अकरा वर्षं?"

"पाचेक वर्षांत खात्री पटली, जात नाहीस. लावून घेतेस, वर ओरडतेस."

"मग नंतर का?"

बाबांनी कुबडी सारखी केली.

"बेसी गेल्यावर घर फार गप्प झालं होतं, पोरी. तुझं ओरडणं बरं वाटायचं."