जर्मनवाले हमीदभाई

आमच्या मजल्यावरचे हमीदभाई परकार नव्या माणसाला ओळख करून देताना आधी नाव सांगत नाहीत. आधी म्हणतात, "मूळ आमचं जर्मनीचं. थोडं डेन्मार्क." मग समोरचा माणूस त्यांच्याकडे, म्हणजे रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात आणि शारजाच्या उन्हात रापलेल्या त्या सावळ्या, ठेंगण्या देहाकडे बघत राहतो. तेवढ्यात हमीदभाई चष्मा काढतात. "बघा डोळे. घारे आहेत की नाही?"

आहेत ना. नाही कशाला म्हणू? पण घारे डोळे आमच्या कोकणात पायलीचे पन्नास मिळतात. मी मूळची चिपळूणची, मला काय सांगता? हे मी त्यांना पहिल्याच भेटीत, लिफ्टमध्येच ऐकवलं. तर म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडेही कुणीतरी आलं असेल हो बोटीतून. विचारा घरी." आता हे घरी कुणाला विचारायचं, कपाळ!

तेव्हापासून आमचं जमलं. शारजातल्या अल नहदाच्या या टॉवरमध्ये शेजाऱ्याचं नाव माहीत नसणारी माणसंच जास्त. आमच्यात मात्र डब्यांची ये-जा सुरू झाली. सातला जेवायला बोलावलं की हमीदभाई आधीच येऊन दाराबाहेर उभे राहणार, पण बेल वाजवणार सातलाच. मी मॅजिक आयमधून बघायची. हा माणूस हातातल्या घड्याळाकडे बघत बुटांची टोकं जुळवून उभा! दार उघडलं की म्हणणार, "आमच्यात असंच असतं."

हे "आमच्यात" म्हणजे जर्मनांत. सलमाभाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कोळंबीचं सार केलं तरी हे आधी उकडलेला बटाटा मागणार. मीठ लावून दोन घास खाणार, आणि मग हळूच साराचा वाडगा पुढे ओढणार. "डेन्मार्कही समुद्राकाठीच आहे," असं वर स्पष्टीकरण. भाभी माझ्याकडे बघून डोळे मिटायच्या. यल्ला, चला, वाढा आता, चालू द्या.

पुरावे म्हणाल तर दोन होते. एक, गावात त्यांच्या घराला पूर्वीपासून "जर्मनवाले" म्हणत. दोन, पणजोबांचा उल्लेख म्हातारी माणसं "दानिश आजा" असा करत. आता दानिश हे नाव मुसलमानांत घरटी एक निघेल. आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक दानिश आहे, दिवसभर स्कूटर फिरवतो. मी हे दाखवून दिलं तर हमीदभाई शांतपणे म्हणाले, "त्या पोराचं ते नाव आहे, वहिनी. आमच्या पणज्याचा तो मुलूख आहे. दानिश म्हणजे डॅनिश." बोला आता! वकील व्हायचं सोडून हा माणूस पंपांच्या गोदामात स्टोअरकीपर कसा झाला, देव जाणे.

त्या गोदामात एकदा कुणी जर्मन इंजिनियर पंप तपासायला आला होता. हमीदभाईंनी त्याला चहा पाजून विचारलं, तुमच्याकडे परकार असतात का? त्या बिचाऱ्याला "पार्कर" ऐकू आलं असणार. तो म्हणाला, असतील, असतील. झालं! संध्याकाळी पेढे घेऊन दारात. हॉलमधल्या भिंतीवर त्यांनी खानदानाचा मोठा तक्ता लावला होता, त्यावर त्या दिवशी हॅम्बुर्गपासून दाभोळच्या खाडीपर्यंत एक लाल रेघ आली. माझी लेक इथेच वाढलेली, तिला मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत येतं. ती तक्ता बघून म्हणाली, "अंकल, धिस इज सो रँडम." हमीदभाई खूश. त्यांना वाटलं, कौतुक आहे.

मीही हसायची. खरं सांगते, खूप हसायची. एकदा भाभींबरोबर कांदे चिरताना म्हटलं, "काय हो हे खूळ यांचं?" भाभींनी सुरी खाली ठेवली आणि इरफानचं सांगितलं.

इरफान त्यांचा एकुलता एक. जन्म इथला, शाळा इथली. शिकायला म्हणून डेन्मार्कला गेला आणि तिथल्याच मुलीशी लग्न ठरवून बसला. मुलीचा बाप जर्मन, आई डॅनिश. हमीदभाई फोनवर कडाडले होते, "त्यांचं रक्त वेगळं, आपलं रक्त वेगळं. ती या घरात आली तर मी नाही." इरफाननं फोन ठेवला तो ठेवलाच. लग्न झालं, मुलगा झाला. आईशी बोलतो, फोटो पाठवतो, बापाचं नाव काढत नाही. आणि बाप? भाभी आंघोळीला गेल्या की त्यांचा फोन उघडून नातवाचे फोटो बघत बसतो. भाभींना हे माहीत आहे, हे त्याला माहीत नाही.

"माफी मागायला यांची जीभच वळत नाही, वहिनी," भाभी म्हणाल्या. "म्हणून हा सगळा खटाटोप. रक्त एकच निघालं, की तेव्हा बोललेलं आपोआप खोटं पडेल. मग माफी मागायला नको, नुसता तक्ता दाखवायचा." कांदा होता म्हणून बरं, दोघींना डोळे पुसायला कारण होतं. त्यानंतर माझ्यानं त्या तक्त्याला हसवलं नाही.

मग एक दिवस इरफानचा आईला मेसेज आला. बायको-पोराला घेऊन थायलंडला चाललाय, दुबईत मधे काही तास आहेत. बाहेर येऊन कॉफी पिऊ. शेवटी एक ओळ, "अब्बांना यायचं असेल तर येऊ दे."

हमीदभाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. नवा शर्ट आला. तक्ता भिंतीवरून उतरवून गुंडाळी करून ठेवला. "विलकोमेन, विलकोमेन" असा जर्मन स्वागताचा आरशासमोर सराव सुरू झाला. फक्त शेवटचा शिक्का हवा होता, आणि तो मारणार होत्या गावच्या जुबेदाफुफू, म्हणजे त्यांची आत्या. घराण्यातलं सगळ्यात म्हातारं माणूस. कानानं अधू, आवाजानं खणखणीत. शुक्रवारी नमाज झाल्यावर व्हिडिओ कॉल लावला. साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं.

"फुफू, आपल्याला जर्मनवाले का म्हणायचे?"

"काय म्हणतोस?"

"जर्मन! जर्मन!"

"हां, जर्मन! अरे, तुझा पणजा जर्मन विकायचा!"

हमीदभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "विकायचा?"

"टोप रे मेल्या, टोप!" फुफू ओरडल्या. "जर्मनचे टोप, जर्मनच्या पराती. डोकीवर हारा घेऊन गावोगाव फिरायचा. अजून एक टोप आहे माझ्या माळ्यावर. उतरवायला सांगू?"

मी जीभ चावली. अहो, जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम! माझ्या आईनं बांधून दिलेलं जर्मनचं पातेलं माझ्याच ओट्यावर आहे, रोज त्यात दूध तापतं. "ते जर्मनचं पातेलं घे गं," असं मी दिवसातून कितीदा म्हणते. कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला शब्द, आणि आम्हा दोघांपैकी एकाच्याही टाळक्यात शिरला नव्हता.

"आणि दानिश?" हमीदभाईंनी अगदी बारीक आवाजात विचारलं. फुफूंना ते ऐकूच गेलं नाही. भाभींनी मोठ्यानं विचारलं.

"दानिश त्याचं नाव! दानिश जर्मनवाला! चांगला माणूस होता हो, उधारीवर द्यायचा."

"खलास," हमीदभाई म्हणाले. मला वाटलं आता हसतील. मी हसायच्या तयारीत होते. ते उठले, तक्त्याची गुंडाळी सोफ्याखाली सरकवली आणि तिथेच खाली बसून राहिले.

भेटीच्या दिवशी म्हणाले, "मी नाही येत. कुठल्या तोंडानं जाऊ?"

मला असा राग आला! "आहे त्याच तोंडानं चला," मी म्हटलं. "दुसरं मिळायचं नाही. गाडी खाली लावलीय मी."

आले.

विमानतळावर भाभींनी इरफानला मिठी मारली ती सोडेनात. नातू अनोळखी माणसं बघून रडायला लागला. इरफाननं बापापुढे हात केला, ऑफिसात करतात तसा. हमीदभाईंनी तो दोन्ही हातांत धरला. सून चांगली उंच, हसऱ्या चेहऱ्याची. ती पुढे आली आणि स्पष्ट म्हणाली, "हॅलो, हमीद."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सासऱ्याला नावानं हाक! इरफान लाल झाला. "अब्बा, देअर एव्हरीवन डज इट," असं पुटपुटला. हमीदभाई तिच्याकडे बघतच राहिले. कॉफी आली, ती तशीच राहिली. बऱ्याच वेळानं मुलाकडे न बघता म्हणाले, "रक्त एक नाही निघालं रे, इरफान. खूप शोधलं."

इरफानला काही कळेना. भाभींनी सगळं सांगितलं. तक्ता, फुफू, टोप. तो ऐकता ऐकता हसला, मग त्याचा चेहराच बदलला. "अब्बा," तो म्हणाला, "यू कुड हॅव जस्ट सेड सॉरी."

हमीदभाईंनी मान हलवली. ओठही हलले. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. पण शब्द तेव्हाही आला नाही हो. मग सुनेनं मोबाइलमध्ये वेळ बघितली. परत कधी येणार, असं भाभींनी विचारलं, तर इरफान म्हणाला, "बघू, अम्मी." बापाच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला, जरासाच. जाताना सून वळून म्हणाली, "बाय, हमीद."

परतताना गाडीत हमीदभाई माझ्या शेजारच्या सीटवर तोंड खिडकीकडे करून बसले होते. त्यांना चांगलंच लागलंय, हे दिसत होतं. मी आपली समजूत घालायला गेले. "मनाला लावून घेऊ नका, हमीदभाई. त्यांच्याकडे रीतच तशी. लहान-मोठं बघत नाहीत, सगळ्यांना नावानंच हाक."

"नाही हो, वहिनी," ते म्हणाले. "ऑफिसात हमीदभाई, गावात हमीदचाचा, फुफूच्या तोंडी 'मेल्या', हिच्या तोंडी नुसतं 'अहो'. आई गेल्यापासून मला हमीद म्हणून हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं."

आणि खिशात रुमाल शोधायला लागले.