चढाव गल्लीचा स्लोप

तुम्हाला म्हणून सांगतो, कॅल्क्युलस शिकवावं ते माझ्यासारख्यानेच! देवासच्या एका सरकारी शाळेत सतरा वर्षं मी बारावीला गणित शिकवतोय. हुद्दा काय, तर 'अतिथी शिक्षक'! सतरा वर्षं एखादा पाहुणा घरात राहिला तर लोक त्याचं नाव रेशनकार्डात घालतील हो! पण सरकारला मी अजून पाहुणाच वाटतो. दरवर्षी नवा अर्ज, नवा फोटो. फोटोतले केस तेवढे कमी होत चाललेत.

या वर्षी दिवाळी संपली आणि प्राचार्या विद्युल्लता मॅडमनी बोलावून घेतलं.

"योगेंद्र सर, तिमाहीत तुमच्या चौदा मुलांपैकी तीन पास. छमाहीत निम्मी तरी पास झाली नाहीत, तर जानेवारीत तुमच्या जागी दुसरा अतिथी!"

"मॅडम, या मुलांना अजून अपूर्णांक येत नाहीत, आणि मी त्यांना डेरिव्हेटिव्ह..."

"मला डेरिव्हेटिव्ह नका सांगू. सात हवेत. सात!"

घरी शशिकलाला सांगितलं. आमची ही पोळ्या लाटता लाटताच म्हणाली, "मग पाठ करून घ्या ना सूत्रं."

"पाठ करायला ती रामरक्षा आहे का? समजलं पाहिजे! आणि समजावून सांगायला मी बसलोय ना!"

तिने पुढची पोळी लाटायला घेतली. लग्नाला चोवीस वर्षं झाली की बायका लाटणं जरा जोरात फिरवतात, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी वर्गात वैष्णवीने हात वर केला. आमच्या वर्गात प्रश्न विचारणारी तेवढी एकच. "सर, ये डीवाय बाय डीएक्स म्हणजे असतं तरी काय?"

"चढ! ज्या ठिकाणी उभे आहात, त्या ठिकाणचा चढ!"

"कुठला चढ?"

सतरा वर्षं मी फळ्यावर एकच वाकडी रेघ काढतोय आणि हा प्रश्न ऐकतोय. त्या दिवशी मला कंटाळा आला. अगदी हाडापर्यंत कंटाळा आला! मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "चला, दाखवतो!"

शाळेच्या मागेच चढाव गल्ली आहे. खाली सपाट, मध्ये छाती फुटेल असा चढ, वर पुन्हा सपाट. पुस्तकातली आकृतीच! दोन्ही बाजूंना घरं, दुकानं आणि त्यांचे ओटे. यातला प्रत्येक ओटा रस्त्यावर दीडदोन हात पुढे आलेला आहे, हे सगळ्या देवासला माहीत आहे. मलाही होतं. पण मी तिथे गणित घेऊन गेलो होतो, माझ्या डोक्यात ओटे नव्हतेच!

सामान मी चोख नेलं होतं. लांब टेप, गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी आणि एक रजिस्टर. रीत अशी, की पाच मीटर पुढे जायचं, किती वर चढलो ते मोजायचं, भागाकार करायचा आणि येईल तो आकडा शेजारच्या ओट्यावर लिहायचा. दिवाळीची सफेदी ताजी, त्यावर खडू दिसेना. मग अंकुर नावाचा आमचा एक उत्साही विद्यार्थी कुठून तरी वाटीभर गेरू घेऊन आला.

"शाब्बास! लाल रंगात कसं ठळक दिसेल!" हे मीच म्हणालो. दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही.

अर्ध्या तासात गल्लीत चमत्कार झाला. लोक घराबाहेर आले. कोणी खुर्ची आणली, कोणी चहा. एकाने मुलांना कचोऱ्या वाटल्या. अंकुर म्हणाला, "सर, मॅथ्सला इतकी इज्जत? कमाल आहे यार!" माझी छाती फुगली.

चढ जिथे सर्वांत जास्त, तिथे राजाबाईंचा ओटा. त्या ओट्यावर त्यांची पोह्यांची भट्टी. आकडा आला ०.३०. वरपर्यंत मोजून परत उतरलो, तेव्हा राजाबाईंनी न मागता माझ्यासमोर पोह्यांची बशी धरली, वर मूठभर शेव.

"साहेब, माझं जरा कमी नाही का होणार?"

"मावशी, जेवढं आहे तेवढंच येणार. मी मनाने कसं कमी लिहू?"

"वर जगदेवरावांचं बारा, आणि माझं तीस?"

"त्यांच्याकडे चढ कमी आहे ना!"

राजाबाईंनी पदराने डोळे पुसले. गणित समजून डोळ्यांत पाणी! माझ्या वर्गात असं कधी झालं नव्हतं. म्हणजे व्हायचं, पण तपासलेले पेपर वाटल्यावर!

त्याआधी वर गेलो, तेव्हा जगदेवराव खुर्ची टाकून बसले होते. जुन्या दरबारी घराण्यातले, बोलणंही तसंच. "मास्तर, हा ओटा आमच्या पणजोबांस महाराजांनी बक्षीस दिला. थोरल्या पातीचा, थोरल्या गादीचा आहे, ध्यानी असो."

"वा! मग हा तर ऐतिहासिक बिंदू! अंकुर, इथे मोठं लाल वर्तुळ काढ!"

जगदेवरावांचा चेहरा पडला. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

निघताना एका मोटारसायकलवाल्याने विचारलं, "भिया, आता पुढे काय?"

"आज पाच-पाच मीटरवर मोजलं, उद्या एक-एक मीटरवर. सगळ्या ओट्यांवर खुणा करू. एकही सुटणार नाही!" मी आनंदाने सांगितलं आणि पोहे खाऊन तृप्त मनाने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी गल्लीत शिरलो तर गल्लीच ओळखू येईना! ओट्यांवरचे निम्मे पत्रे उतरवलेले. खालचे लोक वरच्यांच्या अंगावर धावून जात होते. "तुमचं बारा आणि आमचं तीस कसं? काय खाऊ घातलं मास्तरला?" वरचे म्हणत होते, "कचोऱ्या तुम्ही दिल्या, आम्हाला काय विचारता!" आणि जगदेवराव दोन मजूर लावून स्वतःचा ओटा स्वतःच फोडत होते.

"अहो रावसाहेब, हे काय?"

"सरकारी घण लागण्यापरीस आमचाच लागलेला बरा!" ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

अंकुर धावत आला. "सर, घोळ झालाय! यांना वाटतंय आपण अतिक्रमण तोडायला मोजणी, नपती केली. पॉइंट तीस म्हणजे तीस सेंटिमीटर तुटणार!"

मी एका पायरीवर चढलो आणि ओरडलो, "लोकहो, हे तोडायचं माप नाही! हे डेरिव्हेटिव्ह आहे!"

मग मागून कोणीतरी विचारलं, "म्हणजे तीसपेक्षा जास्त तोडणार?"

पण खरं सांगतो, माझं हसू इथेच थांबतं. राजाबाई भट्टी हातगाडीवर चढवून उभ्या होत्या. कुठे जायचं ते त्यांना माहीत नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं! मी, वैष्णवी आणि अंकुरने भट्टी उचलून परत जागेवर ठेवली आणि मी त्यांच्यासमोर हात जोडले. मग आम्ही पंधरा जणांनी तीन तास ओटे घासले. सफेदी निघाली, गेरू राहिला.

पुढच्या मंगळवारी जनसुनवाई होती. त्या दिवशी लोक आपापली तक्रार घेऊन थेट कलेक्टर साहेबांपुढे जातात. एकतीस अर्ज आले, एकतीसच्या एकतीस माझ्या नावाने! मला बोलावणं आलं. आता जानेवारीचीही वाट बघायला नको, आजच घरी, असं मनाशी धरूनच मी गेलो.

"मोजमापाचा आदेश कोणी दिला होता?" साहेबांनी विचारलं.

"गणिताच्या सहाव्या धड्याने, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. मी रजिस्टर पुढे केलं आणि सगळं सांगितलं. ते पानं उलटत राहिले. "हे सगळं किती वेळात मोजलंत?"

"दोन तासांत, साहेब."

साहेबांनी शेजारच्या इंजिनियरकडे पाहिलं. इंजिनियर छताकडे पाहू लागले. एकतीस लोकांना "कोणाचंही काही तुटणार नाही" असं लेखी देऊन साहेबांनी घरी पाठवलं. मलाही पाठवलं. आणि दोन दिवसांनी शाळेत आदेश आला, की योगेंद्र सरांनी छमाही परीक्षेपर्यंत शहरातल्या नाल्यांचा ढाळ मोजावा! इतर मास्तरांना ड्यूटी निवडणुकीची लागते, जनगणनेची लागते. मला गटारं लागली!

माझा वर्ग गेला भास्कर सरांकडे. भास्कर सर म्हणजे आमचे पीटीचे शिक्षक, गळ्यात शिटी. मी नाकाला रुमाल बांधून नालीत टेप सोडायचो आणि मनात म्हणायचो, झालं, संपलं सगळं! चौदातला एक जरी पास झाला तरी खूप.

छमाहीचा निकाल लागला आणि मॅडमनी बोलावलं. मी आधी घरून शशिकलाला सांगूनच निघालो, की आजपासून मी खरोखरच पाहुणा.

"अभिनंदन, सर! चौदापैकी अकरा पास! तुमची जागा वाचली!"

"मॅडम, मी म्हणत नव्हतो? समजलं पाहिजे! शेवटी ती चढाव गल्लीच..."

"गल्ली कसली? भास्कर सरांनी महिनाभर मैदानात उभं करून सूत्रं पाठ करून घेतली. एक चूक, एक चक्कर."

"आणि मुलं काय म्हणतात?"

"वैष्णवी म्हणाली, इतकं सोपं होतं तर सरांनी आधी का नाही सांगितलं?"

मी खुर्चीवर बसलो. खरं तर बसा असं कोणी म्हटलं नव्हतं.

"पण मग जागा माझी कशी वाचली?"

"कागदावर विषयशिक्षक तुम्हीच ना! निकाल तुमच्याच नावावर लागला." मॅडमनी कपाटातून एक कागद काढला. "आता बोर्डाच्या परीक्षेपर्यंत तुम्ही फक्त एवढं करा, वर्गात जाऊ नका. मी तुमची नाल्यांची ड्यूटी मार्चपर्यंत वाढवून आणलीय!"

मी मॅडमना धन्यवाद दिले. आणि लाज याचीच वाटते हो, की अगदी मनापासून दिले!